मैदान कुणाच्या मालकीचे?

यंदा गणपतीच्या सुटीनंतर आपल्या जिमखान्याकडे एक अर्ज आला. ई-स्पोर्ट्सना महाविद्यालयीन खेळांत स्थान द्यावे आणि सरावासाठी एक खोली मिळावी, अशी मागणी. खाली बेचाळीस सह्या! स्टाफरूममध्ये त्यावर बराच खल झाला म्हणे. एका सरांनी विचारले, "बसून खेळतात तो खेळ कसला?" सरांची क्षमा मागून सांगते, बुद्धिबळ आणि कॅरम आपण उभ्याने खेळत नाही.

मी स्वतः तीन वर्षे कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळला. गुडघा दुखावला तेव्हा सुटले. मी मातीतली, म्हणजे या अर्जाच्या विरोधात असणार, असे सगळ्यांनी धरूनच चालले होते. पण थोडा इतिहास पाहा. आपली कबड्डी १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत केवळ प्रदर्शनापुरती होती. पदक मिळू लागले १९९० साली बीजिंगला. ई-स्पोर्ट्स २०१८ साली जाकार्ताला प्रदर्शनापुरते होते (तेथे भूजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या खेळात कांस्य मिळवले, पण ते पदकतक्त्यात धरले गेले नाही) आणि २०२३ साली हांगझोऊला त्यांत सात सुवर्णपदके ठेवली गेली. तेथील सुवर्णामुळे कोरियाच्या 'फेकर'ला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. १९७२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात 'स्पेसवॉर'ची स्पर्धा झाली, तेव्हा बक्षीस काय होते? एका मासिकाची वर्षाची वर्गणी! तेथून पोरांनी एवढी मजल मारली. तेव्हा खेळ आहे की नाही, हा वाद आता पुरे.

माझी शंका निराळी आहे, आणि ती मला माझ्या चुलतभावाने शिकवली.

२०२२ साली तो तालुक्याच्या कॉलेजात एस. वाय. बी. कॉम.ला होता. काकांनी उसाच्या बिलातून अठ्ठावीस हजारांचा फोन घेऊन दिला होता. अभ्यासासाठी, अशी समजूत. चौघा मित्रांचा संघ. रात्री आठ ते दोन बीजीएमआयचा सराव. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये त्याच कंपनीने हिंदुस्थानासाठी वेगळा काढलेला हा खेळ. एका स्पर्धेच्या फेरीसाठी पठ्ठ्याने दोन पेपर सोडले. पुढच्या फेरीत जागाही मिळाली. आणि २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशाने तो खेळ गुगल आणि ॲपलच्या दुकानांतून काढला गेला. स्पर्धा थंडावल्या. मे २०२३ मध्ये खेळ परतला, तोवर चौघांपैकी एक पुण्याला कुरिअरच्या कामाला लागला होता.

तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, तुझा गुडघा गेला तरी कबड्डी आहे तिथंच आहे. माझं तर मैदानच उचलून नेलं."

येथेच खरी अडचण आहे. कबड्डी कुणाच्या बापाची नाही. संघटना भांडल्या, पंच बिघडले, तरी चार पोरे चुना टाकून खेळू शकतात. ई-स्पोर्ट्सचा प्रत्येक खेळ मात्र एकेका कंपनीची मालमत्ता. नियम ती बदलणार, स्पर्धेला परवानगी ती देणार, नफा आटला तर गाशाही तीच गुंडाळणार. खेळाडूने दहा वर्षे कमावलेले कौशल्य दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर! आमच्या शिवारात अशा शेतीला काय म्हणतात ते सांगायला नको.

सरकारने काही केले नाही असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद ठरवले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. हे बरे झाले, कारण आमच्या घरी रमी आणि बीजीएमआय एकाच तागडीत तोलले जात. पण मालकीच्या प्रश्नाला या मान्यतेने हात लागत नाही.

आणखी एक, मुलींसाठी. वसतिगृहातल्या आमच्यातल्या तिघी उत्तम खेळतात, पण माइक बंद ठेवून. आवाज मुलीचा आहे एवढे कळले की समोरून जी भाषा येते ती या अंकात छापता येणार नाही. कबड्डीत मला कुणी असे बोलले असते तर पंचांनी कार्ड दाखवले असते. अर्जावरच्या बेचाळीस सह्यांत मुलींच्या किती, हे मी मोजले. एकही नाही.

तरी खोली द्यावी, असेच माझे मत आहे. लपून रात्री दोनपर्यंत खेळण्यापेक्षा उजेडात, पाच ते सात, सरांच्या देखत खेळलेले बरे. मात्र हजेरी आणि परीक्षा यांची अट कबड्डीवाल्यांना आहे तीच असावी. शिव्या देणारा संघाबाहेर. आणि जिमखान्याच्या पैशातून खेळातल्या कपड्यांची न् बंदुकांची खरेदी होऊ नये.

माझी सही मी त्रेचाळिसावी केली आहे. चुलतभावाने गेल्या वर्षी राहिलेले दोन्ही पेपर सोडवले. रात्री तो अजून खेळतो; काकांना ते माहीत आहे.