जमिनीची किंमत कोण लिहितो?

शेतकरी व कारागीर बांधवांनो, भूसंपादनाची नोटीस वाचून घ्यावयास जे लोक शाळेच्या ओट्यावर येतात, त्यांचा आम्हांस एकच प्रश्न असतो, "गुरुजी, पैसे किती?" ते किती, हे ज्या शब्दांवर ठरते त्यांचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाही. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग सेलू, परभणी, पूर्णा या तालुक्यांतून आखला गेला, तेव्हापासून हे शब्द आपल्या उंबऱ्यावर आले आहेत.

पहिला शब्द बाजारमूल्य. मोंढ्यात कापसाचा भाव पुकारतात तसा हा भाव कोणी पुकारीत नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे आपल्या व जवळच्या गावांतील सारख्या जमिनींची मागील तीन वर्षांची खरेदीखते काढतात, त्यांतील जास्त किमतीची निम्मी निवडतात व त्यांची सरासरी धरतात. मुद्रांकासाठी सरकारने ठरविलेला दर, ज्यास लोक रेडीरेकनर म्हणतात, तो याहून मोठा असेल तर तो धरतात.

आता आपले वर्तन पाहा. एकर दहा लाखांस विकावयाचा व खतात सरकारी दराइतके पाच लाख लिहावयाचे, अशी गावोगाव रीत पडली आहे. मुद्रांकाचे काही हजार वाचतात. पुढे रस्ता येतो. बाजारमूल्यास गुणकाने गुणतात, विहीर, झाडे, घर यांची किंमत मिळवितात आणि त्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर देतात. म्हणजे गुणक 1 असला तरी खतात दडविलेले पाच लाख एकरी दहा लाखांनी अंगावर येतात. (खेड्यांसाठी गुणक 2 पर्यंत असू शकतो, महाराष्ट्राने महामार्गांसाठी 2021 साली तो 2 वरून 1 वर आणला.) शिवाय बुडतो तो खत लिहिणाराच असे नाही. ज्याने बापजन्मात जमीन विकली नाही, त्या शेजाऱ्याचा भावही त्याच खतांवर ठरतो! पटवाऱ्याच्या लेखणीने आपण नागवलो, ही आपली जुनी तक्रार खरी होती. येथे अंगठा व सही आपलीच आहे.

सावकाराने कर्जापोटी करून घेतलेले खरेदीखतही याच ढिगात पडते. खरा भाव न दाखविणारी किंमत गाळण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. पण सुनावणीत कोणी दाखविल्यावाचून ती त्याला कळावी कशी?

दुसरी फसगत सातबाऱ्याची. विहीर खोदली, जायकवाडीचे पाणी आले, ऊस उभा राहिला, तरी कागदावर जमीन जिरायतच! पोटखराब म्हणजे लागवडीस अयोग्य मानलेला तुकडा. तो वहितीस आणला तरी नोंद आपोआप बदलत नाही. विहीर, पीक व झाडे यांची नोंद आजच करून घ्यावी. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरच्या बाईमाणसासह बांधावर हजर राहावे आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये.

निवाडा म्हणजे सरकारने ठरविलेली रक्कम. ती कमी वाटल्यास पैसे "हरकत राखून" घेतले असे लिहून द्यावे. मुकाट्याने घेतले तर वाढीव मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी आपण हजर असू, तर 2013 च्या कायद्याखाली अर्जास सहाच आठवडे मिळतात. महामार्ग कायद्याखाली दाद मागण्याची वाट निराळी असते. म्हणून नोटिशीच्या माथ्यावर कोणत्या कायद्याचे नाव आहे, ते आधी वाचून घ्यावे.