दुष्काळाचा नकाशा, कुरणांचे अनुदान

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील चेरी काउंटी दिल्लीच्या दहापट मोठी. वस्ती मात्र २०२० च्या जनगणनेनुसार साडेपाच हजारांच्या आत. येथे माणसांपेक्षा गुरेच अधिक. २०१४ च्या कृषी कायद्याने पशुपालकांचे दुष्काळी चारा-अनुदान कायमस्वरूपी केले. त्यानुसार साप्ताहिक नकाशावर काउंटीच्या एका कोपऱ्यात सलग आठ आठवडे तीव्र दुष्काळ दिसला, तरी सारी काउंटी पात्र ठरे. प्रत्यक्ष नुकसानीचा पंचनामा नाही. त्यामुळे विलंब टळतो, हे खरे. परंतु हिरव्या कुरणाचा धनीही लाभार्थी ठरतो. रक्कम गुरांच्या संख्येशी व कुरणाच्या क्षमतेशी निगडित असल्याने मोठ्यांचा वाटा मोठा. मर्यादा माणशी वर्षाला सव्वा लाख डॉलर. आपत्तीतील मदतच नियमित उत्पन्न बनली, तर कोरड्या भूमीवरील कळप कमी करण्याची निकड कोणाला वाटणार?