व्हॉल्व्हचा गोडवा : कानाचा कीं मनाचा?

नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें, तेव्हां आपल्या भागांत जे थोडे रेडिओ होते ते व्हॉल्व्हवरच चालत. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेंत १९४७ च्या डिसेंबरांत लागला होता. पुढें त्यानें घरगुती यंत्रांतून व्हॉल्व्हला जवळजवळ हद्दपार केलें. तरीही आज कित्येक हौशी गृहस्थ व्हॉल्व्हचे प्रीअँप्लिफायर मोठी किंमत देऊन घेतात, आणि त्यांतून गाणें अधिक गोड ऐकूं येतें असें सांगतात. हें म्हणणें कितपत खरें?

प्रीअँप्लिफायरचें काम म्हणजे क्षीण विद्युत्संदेश सांवरून पुढील यंत्राकडे देणें. व्हॉल्व्हवर भार वाढला म्हणजे तो मूळ स्वरांत मुख्यत्वें वरच्या सप्तकांतील तोच स्वर मिसळतो. षड्जांत तारषड्ज मिळाला तर कानास खटकत नाहीं. म्हणून हा दोष असूनही गोड लागतो. परंतु घरगुती प्रीअँप्लिफायरवर असा भार सहसा पडत नाहीं. मुद्दाम रंग चढविण्यासाठीं बांधलेलें यंत्र असेल तर गोष्ट निराळी. एरव्हीं दोन्ही यंत्रें नीट बांधलेलीं असतां फरक कानास कळणें कठीण, असें आमचें मत आहे.

आमच्या शब्दावर मात्र कोणीं विसंबूं नये. भिवापुरी मिरचीचा जाणता पारखी पोत्यावरील नांव वाचून थांबत नाहीं. मिरची हातांत घेऊन पाहतो. तसेंच येथें करावें. दोन्ही यंत्रें पडद्याआड ठेवावीं व त्यांचा आवाज मीटरनें मोजून सारखा करावा. कारण किंचित् मोठा आवाज कानास उगाच सरस वाटतो. मग नांव न सांगतां १६ वेळां ऐकवावें. निव्वळ अंदाजानेंही सुमारें ८ उत्तरें बरोबर येतात. १२ किंवा अधिक आलीं, तरच फरक ऐकूं आला असें समजावें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

व्हॉल्व्हचा मंद तांबूस उजेड पाहण्यांतही आनंद आहे, व तो घेणाऱ्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण पालकांच्या घामाचा पैसा केवळ ऐकीव कीर्तीवर खर्च होऊं नये. तोच पैसा चांगल्या स्पीकरांस आणि घुमणाऱ्या खोलींतील जाजम-पडद्यांस लागला, तर फरक घरांतील लहानथोर सर्वांस ऐकूं येईल. कान उघडे ठेवणें चांगलें. पण पारख करतांना डोळे मिटणें त्याहून चांगलें.