गिअरबॉक्स झिजला म्हणून गाडी मोडीत काढायची?



मागच्या जिल्हा बैठकीत ठराव झाले, भाषणे झाली. पण चहाच्या वेळी सगळे जमले ते मैदानात उभ्या असलेल्या एका जुन्या जीपभोवती. ती जीप तेथवर कशी आली, आणि ती येऊच नये अशी व्यवस्था कोणी केली आहे, हे सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

जीप आमच्या तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याची. डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, १८ वर्षांची, तिसऱ्या मालकाच्या हातातली. मीटर २ लाख ८० हजार किलोमीटर दाखवतो. मधली काही वर्षे तो बंदच होता, म्हणजे खरा आकडा याहून मोठा. जुलैत काळ्या जमिनीचा चिखल झाला की पांदण रस्त्याने बियाण्याच्या बॅगा, खताची पोती, बाळंतपणाला निघालेली सून आणि बैठकीला निघालेले कार्यकर्ते यांना बाहेर काढणारी गावातली हीच एक गाडी. या गाडीचा दुसरा गिअर सुटू लागला. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने गिअरचा दांडा दाबून धरायचा, अशी ती दोन महिने चालली. घाटाच्या उतारावर दुसरा गिअर सुटला की इंजिनाची पकड गेली, सगळा भार पायाच्या ब्रेकवर आला. मागे दहा माणसे बसलेली असताना हा खेळ करायचा नसतो.

म्हणून तो जिल्ह्याच्या ठिकाणी एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेला. तेथे गाडीखाली कोणी वाकलेसुद्धा नाही. कागद हातात आला: पूर्ण गिअरबॉक्स नवा, क्लच, मजुरी मिळून १ लाख ४० हजार, माल यायला दीड महिना. कागद देणाऱ्या मुलानेच वर सल्ला दिला, ‘काका, या डब्यात एवढे पैसे कशाला घालता? जुनीचे ७० हजार धरतो, नवी घेऊन जा.’ आणि कर्ज देणारा शेजारच्याच टेबलावर बसलेला होता. योगायोग पाहा!

आमचा माणूस सही करायला निघाला होता. पेन चालले नाही म्हणा किंवा बायकोचा फोन आला म्हणून म्हणा, तो वाचला. ‘आधी घरी या, मग सही करा,’ असे ती म्हणाली. शेतकऱ्याच्या घरात अर्थमंत्री कोण असतो, ते येथे कळते.

हिशेब कोणी करायचा?

आता आपण तो हिशेब करू. नव्या गाडीसाठी ९ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता १९ हजार १२२ रुपये. साठ हप्त्यांत भरायचे ११ लाख ४७ हजार. त्यातले २ लाख ४७ हजार निव्वळ व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये जाहीर झाला होता. बाजारात तो पदरात पडतो की नाही, ते तुम्हांला मी सांगायला नको. पण पडला असे धरले, तरी नुसत्या व्याजापोटी ४६ क्विंटल सोयाबीन गेले. पूर्ण कर्जापोटी २१५ क्विंटल! एवढे सोयाबीन पिकवायला किती एकर आणि किती पावसाळे लागतात, याची आकडेमोड तुम्ही आपल्या शेतावर करा. नोकरदाराला पहिल्या तारखेला पगार होतो, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता झेपतो. आपल्याला पगार वर्षातून दोनदा होतो, आणि त्यातला एक पाऊस कापून घेतो.

डब्यात असते तरी काय?

मी शेतीचा पदवीधर. कॉलेजात मला शिकवले की मातीची तपासणी केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये. वर्कशॉपने मात्र तपासणी न करताच मात्रा लिहून दिली. आपणही तिला मान डोलावतो, कारण गिअरबॉक्स म्हणजे काहीतरी गूढ वस्तू आहे असे आपल्या मनात बसले आहे.

त्यात गूढ काही नाही. इंजिनाकडून येणारा एक दांडा, मागच्या चाकांकडे जाणारा दुसरा, आणि खाली या दोघांना जोडणारा ले-शाफ्ट. त्यांवर दातेरी चाके, टोकांना बेरिंगा, गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा आणि तेल अडवणारी सीलं. फोर व्हील गाडीत याच्या मागे ट्रान्सफर केस असते; ती ताकद पुढच्या चाकांनाही वाटून देते.

दुखणे कोठे आहे, हे गाडी स्वतः सांगते. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बहुधा बेरिंग गेले. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर क्लचचे रिलीज बेरिंग पाहा. गिअरबॉक्सला हात लावू नका. गिअर टाकताना कर्रकर्र होते, तर आधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा, मग सिंक्रो रिंग. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि सरळ जाणाऱ्या टॉप गिअरमध्ये शांत, तर ले-शाफ्टवर संशय घ्या. आणि तेल काढून पाहा. पिवळी चमक असेल तर पितळी रिंगा झिजल्या. लोखंडाच्या कपच्या निघाल्या तर दाते तुटले. मग गाडी हलवू नका. ही तपासणी करायला एक तास आणि एक पाना लागतो. १ लाख ४० हजारांचा कागद लिहिण्याआधी हा तास कोणी दिला नाही.

बदलायचा, पण डोळे उघडे ठेवून

आमच्या तालुक्याच्या मिस्त्रीने तो दिला. तेलात कपच्या निघाल्या. गिअरबॉक्स उतरवून उघडला, तेव्हा ले-शाफ्टचे तीन दाते तुटलेले आणि बॉडीत बेरिंगची बैठकच ढिली झालेली. मिस्त्रीने स्पष्ट सांगितले, ‘दादा, यात नवीन बेरिंग बसवले तर पुढच्या पावसाळ्यात परत याल. हा डबा बदलावाच लागेल.’ दुरुस्तीचा आग्रह म्हणजे मेलेल्याला उभे करण्याचा हट्ट नव्हे. जे गेले ते बदलायचे. पण जेवढे गेले तेवढेच.

त्याच मॉडेलचा वापरलेला गिअरबॉक्स जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणला, पक्क्या बिलावर. बिलाशिवाय घेऊ नका. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर कोर्टाच्या चकरा आपल्याच नशिबी. आणलेला डबा तसाच चढवला नाही. शाफ्टच्या खाचा आणि दात्यांची संख्या जुन्याशी ताडून पाहिली, मग टेबलावर उघडून बेरिंगा, सिंक्रो रिंगा, सीलं नवी घातली. डबा खाली आलाच आहे, तर क्लचही त्याच वेळी बदलला, कारण त्यासाठी पुन्हा हीच मजुरी कोण भरणार? ट्रान्सफर केस उघडून पाहिली. ती ठीक होती, ठेवली. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहिले. एक ढिला होता, बदलला.

खर्च असा: जुना गिअरबॉक्स २२ हजार. बेरिंगा, रिंगा, सीलं आणि क्रॉस ११ हजार ५००. क्लचचा सेट ७ हजार ५००. तेल १ हजार ५००. मजुरी ८ हजार. एकूण ५० हजार ५००. नव्या गाडीचे तीन हप्तेसुद्धा यात भरले नसते. साडेनऊ क्विंटल सोयाबीन विरुद्ध २१५ क्विंटल. हीच जीप बैठकीच्या मैदानात उभी होती.

दुरुस्ती महाग कोणी केली?

कोणी म्हणेल, एका वर्कशॉपच्या मुलावर एवढा राग कशाला? राग त्याच्यावर नाहीच. तो पगारी माणूस. राग आहे तो दुरुस्तीची वाट बंद करून नव्या गाडीची वाट डांबरी करणाऱ्या व्यवस्थेवर.

२५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २ हजार ५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. गुन्हा कोणता? अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे. म्हणजे आपण जे पारावर बोलत होतो, ते आयोगाने कागदावर लिहिले. कंपन्या अपिलात गेल्या. आपला मिस्त्री मात्र आजही गाडीचा भाग मिळवायला दहा दुकाने फिरतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या ही दोन्ही क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ निघाले. संकेतस्थळाने दाते बसत नाहीत, भावांनो! अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या शेतकऱ्यांनी २०२३ मध्ये कायदाच करून घेतला. १ जानेवारी २०२४ पासून तेथे शेतीयंत्रांच्या कंपन्यांना भाग, माहितीपुस्तके आणि साधने शेतकऱ्याला आणि त्याच्या मिस्त्रीला द्यावी लागतात. तेथला शेतकरी हे मागू शकतो, तर आपण लाजायचे कारण काय?

आता कर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर जीएसटी ५ टक्के, आणि जीपच्या गिअरबॉक्सवर १८ टक्के. आधी तो २८ होता, म्हणून उपकार माना म्हणतात. तेच पोलाद, तेच दाते, त्याच शेतातले तेच पोते. ट्रॅक्टरने ओढले तर ते शेतीचे, जीपने नेले तर चैनीचे? आम्ही सवलत मागत नाही. एकाच कामाला एकच माप लावा, एवढेच म्हणतो.

शिवाय वय झाल्याचा दंड वेगळा. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवण्याची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाडीसाठी १० हजार. पर्यावरण कर निराळा. आणि ‘१५ वर्षे झाली, आता गाडी भंगारच’ अशी जी भीती घातली जाते, ती आपल्याकडे खरी नाही. गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. कायदा वाढवून देतो. फी मात्र ‘वाढवू नका’ म्हणून डोळे वटारते.

यावर उत्तर येते: जुन्या गाड्या धूर सोडतात, अपघात करतात. धूर सोडणारी गाडी तपासा आणि थांबवा, आमची ना नाही. चेसिसला तडा गेला असेल, तळ गंजून कुजला असेल, तर त्या गाडीत गिअरबॉक्स घालू नका, असे मी स्वतः सांगेन. पण तपासणी गाडीच्या अवस्थेची व्हावी, जन्मतारखेची नको.

आपलेही काही चुकते

दोष फक्त सरकारच्या आणि कंपनीच्या माथी मारून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही. इंजिनाचे तेल आपण बदलतो; गिअरबॉक्समध्ये तेल असते, हे किती जणांना आठवते? सील गळते, तेल उतरते, बेरिंग कोरडे फिरते, आणि एक दिवस दाते तुटतात. दोनशे रुपयांच्या सीलापायी पन्नास हजार! जुन्या जीपचे फोर व्हील चिखलासाठी असते. कोरड्या डांबरावर ते लावून चालवले, तर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण थेट ट्रान्सफर केसवर येते. चार चाकांना चार मापांचे टायर घातले तरी तेच. आणि लग्नसराईत दारात नवी गाडी दिसावी म्हणून कर्ज काढणाऱ्याला कोणत्या कंपनीने भाग पाडले होते?

पुढच्या बैठकीपर्यंत

प्रत्येक तालुक्याने तीन कामे करावीत. एक, आपल्या गाड्यांचे गिअर ऑइल आणि ट्रान्सफर केसचे तेल काढून पाहावे आणि काय निघाले ते वहीत लिहावे. दोन, तालुक्यातल्या भरवशाच्या मिस्त्रींची आणि बिल देणाऱ्या स्पेअर पार्टच्या दुकानांची यादी करून जिल्हा कार्यालयात द्यावी. तीन, अधिकृत वर्कशॉपने दिलेले अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष झालेला खर्च, दोन्ही कागद घेऊन यावे. असे शंभर कागद जमले की निवेदन लिहायला मला वेगळे शब्द शोधावे लागणार नाहीत.

आणि एक बंधन स्वतःवर घालून घ्या: डबा उघडून पाहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करायची नाही.