प्रश्न गावाचा, शोध विद्यार्थ्याचा

पातूर परिसरातील एका शाळेचे विज्ञान-प्रदर्शन पाहण्याचा योग मला काही वर्षांपूर्वी आला. एका मेजावर मातीचा ज्वालामुखी मांडला होता. त्याच्या मुखातून लाल फेस उसळत होता आणि शेजारी उभा असलेला सातवीतील विद्यार्थी इटली व जपान येथील ज्वालामुखींची माहिती मुखोद्गत म्हणून दाखवीत होता. माहितीत चूक नव्हती. वाणीही स्वच्छ होती. पाहणाऱ्यांत डोक्यास मुंडासे बांधलेले एक वृद्ध गृहस्थ होते. विहिरी खोदण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले होते. त्यांनी मुलाला सहज विचारले, "बापू, आपल्या इकडं विहीर खंदताना आधी माती लागते, मग मुरूम, मग काया दगड. त्याच्याबी खाली कधी कधी लाल मातीचा पट्टा लागते. तो तिथं कसा आला?"

मुलगा गप्प राहिला. हा प्रश्न आपल्या ज्वालामुखीविषयीचाच आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या या भूमीवर तप्त शिलारसाचे लोट पुनःपुन्हा पसरले आणि थिजले. एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ जाई. त्या अवधीत खालच्या खडकाची झीज होऊन माती बने आणि वरून आलेल्या नव्या लोटाच्या उष्णतेने ती भाजून निघे. विहिरीत सापडणारा तो लाल पट्टा म्हणजे दोन लोटांमधील विश्रांतीची खूण होय. ज्या काळ्या पाषाणात पातूरची लेणी कोरलेली आहेत, तोही अशाच थिजलेल्या शिलारसाचा पाषाण आहे. म्हणजे मुलाच्या प्रयोगाचे खरे साहित्य त्याच्या पायांखाली होते, आणि त्याचा खरा जाणकार त्याच्या समोर उभा होता. परंतु या दोघांची भेट झाली ती प्रयोग पुरा झाल्यावर!

आपल्या शाळांतील विज्ञान-प्रकल्पांची उणीव मला नेमकी येथे दिसते. विषय पुस्तकातून निवडला जातो, साहित्य दुकानातून आणले जाते आणि पुष्कळदा रात्र जागवून प्रतिकृती तयार करतात ते आईवडील. सर्व सिद्ध झाल्यावर आपण लोकांना बोलावतो ते प्रेक्षक म्हणून, आणि तज्ज्ञांना बोलावतो ते परीक्षक म्हणून. माझे म्हणणे असे, की या दोघांनाही आरंभीच बोलावले पाहिजे. प्रश्न अजून कच्चा आहे, वही कोरी आहे, अशा वेळी त्यांचा उपयोग सर्वांत अधिक असतो.

हे कसे घडावे, ते एका उदाहरणाने पाहू. पातूरजवळ मोर्णा नदीवर मातीचे धरण आहे. पुढे ही नदी अकोला शहरातून वाहत जाऊन पूर्णेला मिळते. शहरात तिचे पात्र जलकुंभीने झाकून गेले होते. तेव्हा १३ जानेवारी २०१८ रोजी सहा हजारांहून अधिक नागरिक तिच्या स्वच्छतेसाठी काठांवर उतरले. त्यांत विद्यार्थी होते, वृद्ध होते, माताभगिनीही होत्या. हे दृश्य कोणालाही अभिमान वाटावा असेच होते. परंतु जलकुंभी उपसून काढली म्हणजे नदी निरोगी झाली असे होत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती पाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर झपाट्याने वाढते, आणि सांडपाण्यातून हे दोन्ही तिला भरपूर मिळतात. सांडपाणी येत राहिले, तर जलकुंभीही येत राहणार. म्हणून हजारो हातांनी केलेल्या श्रमाला ज्ञानाची जोड हवी. नदी कोठे बिघडते, केव्हा बिघडते आणि कशाने बिघडते, हे कोणी तरी चिकाटीने पाहून लिहून ठेवले पाहिजे.

समजा, पातूर येथील काही विद्यार्थ्यांनी हा विषय हाती घेतला. घरी बसून ते लिहू लागले, तर 'नदीचे प्रदूषण' असे एक विशाल शीर्षक तयार होईल आणि खाली सर्वत्र लागू पडणारी दहा वाक्ये येतील. परंतु शिक्षकांना बरोबर घेऊन ते प्रथम नदीकाठच्या माणसांकडे गेले, तर काय होईल? जाळे टाकणारा भोई सांगेल, की अमुक डोहात पूर्वी मासे मिळत, आता मिळत नाहीत. कपडे धुणारी आजी सांगेल, की पाण्याला वास येतो तो उन्हाळ्यात, आणि तोही अमुक नाल्याच्या खालच्या अंगाला. ज्याचे वावर काठाला लागून आहे, तो शेतकरी सांगेल, की खत दिल्यावर मोठा पाऊस झाला तर ते वाहून नदीत जाते. पाहता पाहता विशाल शीर्षकाचा एक लहानसा, नेमका प्रश्न होईल: 'या नाल्याच्या वर आणि खाली, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, नदीच्या पाण्यात काय फरक पडतो?' ज्याचे उत्तर मोजून देता येते, असा हा प्रश्न आहे.

त्यानंतर तज्ज्ञांची पाळी. अकोल्यास १९६९ सालापासून कृषी विद्यापीठ आहे. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. अशा संस्थेतील अभ्यासकाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील अध्यापकाला विद्यार्थ्यांनी आपली योजना दाखवली, तर तो पहिलाच प्रश्न विचारील, "पाण्याचे नमुने तुम्ही किती वाजता घेणार?" मुलांना या प्रश्नाचे नवल वाटेल. परंतु पाण्यातील वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात आणि रात्री तो केवळ वापरतात. म्हणून पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर अधिक असतो. एका ठिकाणचा नमुना सकाळी आणि दुसऱ्या ठिकाणचा दुपारी घेतला, तर दिसलेला फरक नाल्याचा की घड्याळाचा, हे सांगता येणार नाही. महिनाभराचे श्रम एका प्रश्नाने वाचले! तोच अभ्यासक मुलांना एक स्वस्त साधनही सांगेल. इटलीतील अँजेलो सेकी या शास्त्रज्ञाने १८६५ साली पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले, आणि त्यावरून पाण्याची निर्मळता ठरवली. अशी तबकडी कोणत्याही शाळेत तयार करता येईल.

येथे 'तज्ज्ञ' या शब्दाचा अर्थही थोडा विस्तृत केला पाहिजे. पदवी ही ज्ञानाची एक खूण आहे. ती एकमेव खूण नव्हे. आपल्या विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी राहत असत. त्यांचे शालेय शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ च्या सुमारास धानाच्या शेतात काही लोंब्या त्यांना इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते दाणे निराळे राखले, पुनःपुन्हा पेरले, निवडले, आणि त्यांतून 'एचएमटी' या नावाने प्रसिद्ध झालेले तांदळाचे वाण जन्मास आले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते निवर्तले. ज्या विद्यार्थ्याला पिकांविषयी काही शोधावयाचे आहे, त्याने अशा माणसाचे दार ठोठावले नाही, तर नुकसान कोणाचे?

हा विचार केवळ गावापुरता खरा आहे असेही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ साली 'स्वयम्' नावाचा एक लहानसा उपग्रह बांधावयास घेतला. वजन जेमतेम एक किलोग्रॅम! जुने विद्यार्थी शिक्षण संपवून गेले, नवे आले. काम मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून हा उपग्रह अवकाशात गेला. हौशी रेडिओचालकांना त्याच्या द्वारे परस्परांस संदेश पाठवता यावेत, असा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रह गेला. त्याचे संकेत टिपण्यासाठी इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही आपापली केंद्रे उभारण्याचे निमंत्रण होते. उपग्रह बांधणाऱ्यांना जर अनुभवी मार्गदर्शकांची आणि अनोळखी सहकाऱ्यांची गरज भासते, तर नदीचे पाणी मोजणाऱ्यांनी ती का लपवावी?

देशात १९९३ सालापासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न घेऊन त्याचा शिस्तीने अभ्यास करावा, ही तिची मूळ कल्पना. सुंदर प्रतिकृतीपेक्षा प्रामाणिक निरीक्षणाला तेथे मोल असते. ही दृष्टी प्रत्येक शाळेने उचलण्यासारखी आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की तज्ज्ञ आले म्हणजे विद्यार्थी त्यांचा हमाल होईल. बुद्धी त्यांची आणि नाव मुलाचे. ही भीती निराधार नाही. म्हणूनच एक मर्यादा प्रथमपासून पाळली पाहिजे. तज्ज्ञाने प्रश्न विचारावेत, चुका दाखवाव्यात, साधन कसे धरावे ते शिकवावे. परंतु मोजमाप, नोंद आणि निष्कर्ष ही तिन्ही विद्यार्थ्याच्याच हातची असावीत. आणि कोणाकडून काय शिकलो, ते वहीत कृतज्ञतेने लिहावे. साहाय्य घेणे ही चोरी नव्हे. घेतलेले साहाय्य झाकणे ही मात्र चोरी होय.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लोक जे सांगतात ते सर्वच खरे असते काय? मुळीच नाही. आपल्याकडे तळहातावर नारळ ठेवून भूगर्भातील पाणी सांगणारे लोक आहेत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून विहिरी खोदणारेही आहेत. अशा वेळी विद्यार्थ्याने हसू नये आणि मानही डोलवू नये. सांगितलेल्या दहा जागा आणि न सांगितलेल्या दहा जागा यांची नोंद ठेवावी, पाणी कोठे लागले ते पाहावे, आणि वही काय बोलते ते ऐकावे. प्रश्न कोणता घ्यावा, हे लोकांना विचारावे. उत्तर कोणते खरे, हे मात्र पुराव्यालाच विचारावे. सत्याचा निर्णय बहुमताने होत नाही. हा धडा मुलांना केवळ पाठ्यपुस्तकातून देता येणार नाही. तो माणसांत जाऊनच मिळेल.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. प्रामाणिक प्रयोगाचे उत्तर नेहमी गोड नसते. ज्या विहिरीचे पाणी सारी आळी पिते, तेच दूषित निघेल. ज्या नाल्याने नदी बिघडते, तो आपल्याच घरांमागून येत असेल. बंद खोलीत काढलेले असे उत्तर एखाद्या मुलाने अकस्मात गावापुढे मांडले, तर लोक रागावतील. "तुला काय कळते?" असे म्हणून वही बाजूला सारतील. परंतु ज्यांनी प्रश्न सुचवला, तबकडीची दोरी धरली आणि मोजताना आकडा डोळ्यांनी पाहिला, ते लोक त्या आकड्याला सहजासहजी नाकारू शकत नाहीत. तो आकडा त्यांचाही झालेला असतो. मग पाणी उकळून घेण्याची किंवा नाला वळवण्याची गोष्ट निघते. लोकांना आरंभापासून सहभागी करावयाचे ते एवढ्यासाठी. शोध लागणे ही अर्धी वाट होय; तो शोध गावाने आपला मानणे ही उरलेली अर्धी वाट.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या प्रदर्शनासाठी विषय शोधताना दुकानाची वाट धरण्यापूर्वी एक कोरी वही घ्या आणि आपल्याच गल्लीतून फिरून या. विहीर खोदणाऱ्याला, पेरणी करणाऱ्याला, नळाचे पाणी सोडणाऱ्याला, रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: "तुम्हांला पडलेला आणि अजून न सुटलेला प्रश्न कोणता?" उत्तरे ऐकताना मध्येच बोलू नका, सारे लिहून घ्या. नदीवर किंवा विहिरीवर जावयाचे असेल, तेव्हा वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊनच जा. आणि काम पुरे झाले, म्हणजे ज्याने प्रश्न दिला त्याच्या दारी जाऊन उत्तर सांगा. मग त्या उत्तराला पारितोषिक मिळालेले असो वा नसो.

त्या दिवशी प्रदर्शनातून निघताना ते वृद्ध गृहस्थ पुन्हा एकदा ज्वालामुखीच्या मेजापाशी थांबले होते. उत्तर मिळेल म्हणून नव्हे. मुलाने आपल्याला काही विचारावे म्हणून, असे मला वाटले.