इटलीचा प्रवास आणि आमची जमाखर्चाची वही

गेले दोन-तीन महिने या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आढळतो : सहल-कंपनीच्या आश्रयावांचून, इंग्रजीचें बेताचें ज्ञान असलेल्या साठीच्या गृहस्थानें, मोजक्या पैशांत, परक्या देशांत आगगाडीनें हिंडावें हें शक्य आहे काय? प्रश्न मजकडेच कां यावा याचें कारण उघड आहे. सन २०२४ च्या ऑक्टोबरांत मी व माझें कुटुंब असे दोघेच इटलींत बारा रात्री राहून आलों, ही वार्ता मीं मागें येथें ओझरती दिली होती. 'शक्य आहे' एवढें लिहून मोकळें होतां येईल. पण तें शिक्षकाच्या पेशास शोभणार नाहीं. म्हणून ती योजना कशी आंखली, कोठें चुकली, व पैसे कोठें वांचले, हें वही समोर ठेवून सांगतों.

स्वतंत्रपणें जाण्याचा हट्ट आम्हीं कां धरला हें प्रथम सांगितलें पाहिजे. चिरंजीवांनीं आम्हांस सहल-कंपनीबरोबर पाठविण्याची तयारी दाखविली होती, आणि तसें जाण्यांत मला कांहीं कमीपणा वाटत नव्हता. परंतु माझी बरीचशी नोकरी माणगांव तालुक्यांत झाली. त्या मुलखांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणींत जात आले. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडून व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झालेले नाईक यशवंत घाडगे त्याच भागांतले. त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. ज्यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं अशा एका शिपायाची कन्या आमच्या शाळेच्या मागच्या आळींत राहते. बाप इटलींत गेला तेव्हां ती रांगत होती; आतां तिची ऐंशी उलटली. आमचा बेत कानावर जातांच तिनें मला बोलावून घेतलें व म्हणाली, "गुरुजी, माझ्या बापाचं नांव तिकडं दगडावर कोरलंय म्हणतात. खरं आहे का, तेवढं बघून या."

तो दगड कोठें आहे हें घरबसल्या कळलें. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि आयोगानें दोन्ही महायुद्धांतील मृतांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेविली आहे. नांव, पलटण व वर्ष घातलें कीं स्मारकाचें ठिकाण व फलकाचा क्रमांक मिळतो. फक्त भरतीच्या कारकुनानें मराठी नांव इंग्रजींत कसें लिहिलें असेल याचा अंदाज बांधावा लागतो. आम्हांस चार प्रयत्न करावे लागले. शेवटीं नांव निघालें, आणि ठिकाण निघालें कसिनो, रोमच्या आग्नेयेस आगगाडीनें सुमारें दोन तासांवरचें गांव. मीं मागविलेल्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांत तें एकींतहि नव्हतें. तेव्हां दुसरा मार्गच उरला नाहीं.

मी स्वतः केलेली पहिली योजना म्हणजे निव्वळ हावरेपणा होता. बारा रात्रींत नऊ गांवें! नकाशावर तांबड्या पेन्सिलीनें ओढलेली ती रेघ मला फार देखणी वाटली. सौ.नें कागद पाहिला आणि एवढेंच विचारलें, "अहो, यांत बॅग उघडायची केव्हां?" प्रश्न बिनतोड होता. एक मुक्काम हलविणें म्हणजे सामान बांधणें, स्टेशन गांठणें, नवीन गांवांत बिऱ्हाड शोधणें. यांत अर्धा दिवस जातो, आणि एका रात्रीच्या मुक्कामास खोलीहि महाग पडते. मग गांवें खोडावयास बसलों. मिलान गेलें, व्हेरोना गेलें, जिनोवा गेलें. नेपल्स व पाँपेई खोडतांना मात्र हात अडखळला. पाँपेईच्या उत्खननांत १९३८ सालीं हिंदुस्थानांतून गेलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. तिच्याशीं मिळत्याजुळत्या मूर्ति आपल्या तेर व भोकरदन येथें निघाल्या आहेत. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या माणसानें इटलीस जावें आणि ती न पाहतां परतावें, हें मला अजून बोंचतें. परंतु नेपल्स धरलें असतें तर कसिनोची घाई झाली असती, आणि ज्या कामासाठीं निघालों तेंच काम घाईचें करणें मला मान्य नव्हतें.

उरलीं तीन बिऱ्हाडें : व्हेनिसजवळ तीन रात्री, फ्लॉरेन्सला चार, रोमला पांच. विमान व्हेनिसला उतरणारें व रोमहून परतणारें घेतलें. बहुतेक लोक जेथें उतरतात तेथूनच परततात, आणि शेवटीं सारा देश उलट ओलांडण्यांत एक दिवस व भाडें दोन्ही घालवितात. पुष्कळदां एका ठिकाणीं उतरून दुसरीकडून निघण्याचें तिकीट तेवढ्याच पैशांत मिळतें. विचारून पाहण्यास पैसा पडत नाहीं.

आतां गाड्यांविषयीं. इटलींत उतारूच्या दृष्टीनें गाड्यांच्या दोन जाती आहेत, आणि हा भेद ज्यास समजला त्याचें अर्धें काम झालें. पहिली जात जलद गाड्यांची. सरकारी त्रेनितालियाची 'फ्रेच्चारोस्सा' आणि २०१२ सालापासून धावणारी खासगी 'इतालो' या त्या होत. यांत आसन नेमून मिळतें, आणि भाडें विमानाच्या भाड्याप्रमाणें हलत असतें. आधीं घेणारास स्वस्त, आयत्या वेळीं येणारास दुप्पट किंवा त्याहून अधिक. सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहींत, व ती गाडी चुकली तर तिकीट वायां जातें. दुसरी जात 'रेजोनाले', म्हणजे प्रांतिक गाड्यांची. यांचें भाडें अंतरावर ठरलेलें. पंधरा दिवस आधीं घ्या कीं गाडी सुटण्यापूर्वीं दहा मिनिटें घ्या, दमडीचाहि फरक नाहीं. आसन राखण्याची पद्धत नाहीं, म्हणून 'तिकिटें संपलीं' हें उत्तरहि नाहीं. कागदी तिकीट घेतलें तर तें फलाटाजवळच्या लहानशा यंत्रांत घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवून मगच डब्यांत चढावें. न उठविल्यास दंड होतो, व 'आम्हांस ठाऊक नव्हतें' ही सबब चालत नाहीं.

नवखा मनुष्य भीतीपोटीं सर्वच तिकिटें घरून घेऊन निघतो, आणि काटकसरी मनुष्य सर्वत्र प्रांतिक गाडीच धरतो. माझ्या मतें दोघेहि चुकतात. फ्लॉरेन्सहून रोमास जलद गाडी दीड तासांत नेते, तर प्रांतिक गाडीस साडेतीन-चार तास लागतात. सामानासह चार तास बसून थोडे युरो वांचविणें ही आमच्या वयाला काटकसर नव्हे. उलट फ्लॉरेन्सहून पिझास प्रांतिक गाडी तासाभरांत पोंचते. तेथें आधीं तिकीट काढून स्वतःस घड्याळाला बांधून घेण्याचें कारण काय? म्हणून आम्हीं नियम केला : बिऱ्हाड हलविण्याच्या दोन दिवशीं जलद गाडी, तिकीट आधीं, बाकी सर्व प्रांतिक, तिकीट त्याच सकाळीं. सूनबाईंनीं सर्व युरोपांत चालणाऱ्या रेल्वे-पासाची सूचना केली होती. हिशेब मांडला तेव्हां दिसलें कीं, पास असूनहि जलद गाडींत आसनाचे पैसे निराळे द्यावे लागतात, आणि इतक्या थोड्या प्रवासास तो परवडत नाहीं.

एक पेंच मात्र खरा आहे. परवान्याच्या अर्जाबरोबर सर्व प्रवासाचा बेत, मुक्कामाची सोय व निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. माणशीं ९० युरो शुल्क निराळें. अर्ज नामंजूर झाल्यास तें परत मिळत नाहीं. इकडे उत्तराची वाट पाहावी, तर तिकडे जलद गाडीचें भाडें चढतें. आम्हीं खोल्या रद्द करतां येतील अशाच घेतल्या, आणि न परतणारें एकहि रेल्वे-तिकीट परवाना हातीं येईपर्यंत घेतलें नाहीं. त्यामुळें पंचविसाच्या आंतलें तिकीट तिसास पडलें. चिरंजीव हळहळले, मीं ते वरचे पैसे वहींत 'झोंपेचें मोल' या सदराखालीं लिहिले.

राहण्याचा विचार करतांना दरापेक्षां स्टेशनापासूनचें अंतर आधीं पाहावें. व्हेनिसच्या बेटावर खोली महाग. समुद्राच्या अलीकडे मेस्त्रे येथें ती बरीच स्वस्त, व तेथून बेटावर जाण्यास आगगाडीला दहा-बारा मिनिटें आणि दीड युरोच्या आसपास भाडें. पण गाडींतून उतरतांना 'व्हेनेझिया मेस्त्रे' कीं 'व्हेनेझिया सांता लुचिया' हें नीट वाचावें. दोन्ही नांवांत व्हेनिस आहे. जुन्या इमारतींत उद्वाहक आहे कीं नाहीं तेंहि विचारून घ्यावें. नगरपालिकेचा माणशीं दर रात्रीचा कर खोलीच्या भाड्याबाहेर असतो. तो न धरल्यास शेवटच्या सकाळीं चेहरा उतरतो.

सोंवळ्याओंवळ्याची चिंता करणाऱ्या भगिनींस एकच सांगतों. गव्हाचे पदार्थ, टोमॅटो, वांगीं, घेवडा, ऑलिव्हचें तेल यांची तेथें रेलचेल आहे, परंतु पार्मिजानो नांवाचें त्यांचें प्रसिद्ध चीज वासराच्या जठरांतील द्रव्यानें विरजतात. ज्यांस तें वर्ज्य असेल त्यांनीं 'मारिनारा' पिझ्झा मागावा. त्यावर टोमॅटो, लसूण व तेल असतें, चीज नसतें. बाकी खोलींत चूल होती, आणि सौ.नें नेलेलें मेतकूट व भाजणी.

भाषेची धास्ती मला फार होती. ती स्टेशनावरच गेली. ध्वनिक्षेपकावर 'बिनारिओ सेत्ते' असें ऐकूं आलें आणि समोर सात आंकडा उजळला! दुए, त्रे, सेत्ते, ओत्तो, नोवे, दिएची. द्वि, त्रि, सप्त, अष्ट, नव, दश यांचींच हीं चुलत भावंडें. बिनारिओ म्हणजे फलाट, पार्तेन्झे म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, रितार्दो म्हणजे उशीर, आणि शोपेरो म्हणजे संप. हा शेवटचा शब्द अवश्य पाठ करावा. तेथें रेल्वेचे संप वारंवार होतात, पण ते आधीं जाहीर होतात, व कामाच्या दिवशीं सकाळीं ६ ते ९ आणि सायंकाळीं ६ ते ९ या वेळांत ठराविक प्रांतिक गाड्या चालू ठेवाव्याच लागतात. दुसरें असें कीं, पाटीवर आपल्या गांवाचें नांव शोधूं नये. रोमास जाणारी गाडी पाटीवर 'नापोलि' असूं शकते, कारण तेथें शेवटचें स्टेशन लिहितात. तिकिटावरील गाडीचा क्रमांक पाहावा. आणि फ्लॉरेन्स हें नांव तर कोठेंच दिसत नाहीं. तेथें तें फिरेन्झे आहे.

कसिनोसाठीं रोमच्या मुक्कामांतील गुरुवार धरला होता. मुद्दामच मधला, म्हणजे कांहीं अडचण आली तर पुढें दिवस उरावेत. ती आलीच. बुधवारीं दिवसभर दगडी रस्ते तुडवून सौ.चा गुडघा सुजला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तिकीट घेतलेलें नसल्यानें एक पैचें नुकसान झालें नाहीं. पण मी खिडकीशीं बसून काय विचार करीत होतों हें लपवूं शकलों नसेन. शनिवारीं सकाळीं तीच म्हणाली, "चला, जमेल मला."

तेर्मिनीवरच्या यंत्रांतून दोन तिकिटें घेतलीं. माणशीं दहा युरोंच्या आंत. गाडी शाळेच्या मुलांनीं व बाजारकरी बायांनीं भरलेली, स्टेशनास्टेशनाला थांबणारी. कसिनोस उतरून टॅक्सी केली, आणि सर्व प्रवासांत ही एकच उधळपट्टी मला बोंचली नाहीं. वर डोंगरावर बेनेडिक्टपंथीयांचा मठ. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं बाँबफेकीनें ढासळला व युद्धानंतर पुन्हां बांधला. खालीं चार हजारांवर समाधि ओळीनें, आणि मध्यें, ज्यांची समाधि कोठें आहे हें ज्ञात नाहीं अशा चार हजारांहून अधिकांचीं नांवें धारण करणारे उंच हिरवट फलक. क्रमांक टिपलेला होता, तरी ओळ सांपडण्यास वेळ लागला. सौ.नें ती आधीं पाहिली. तिनें पिशवींतून दोन फुलें काढून खालीं ठेवलीं. तीं तिनें स्टेशनासमोर केव्हां घेतलीं हें मला कळलेंहि नव्हतें. मीं छायाचित्र घेतलें, आणि चार वाजतां परतीच्या गाडींत बसून भाजणीचे वडे खाल्ले.

वहींतील बेरीज विचारणारांसाठीं : युरो तेव्हां नव्वदांच्या वर होता, सोयीसाठीं मीं शंभर धरला. बारा रात्रींच्या खोल्यांस दोघांचे सुमारें एक हजार युरो, आणि इटलींतील सर्व आगगाड्यांस दोघांचे मिळून अडीचशें. म्हणजे ज्या आगगाडीची आम्हीं सर्वांत अधिक धास्ती घेतली होती, तोच खर्च सर्वांत हलका निघाला.

परतल्यावर दुसऱ्या आठवड्यांत माणगांवाकडे गेलों. छायाचित्र मोठें करून नेलें होतें. इंग्रजी अक्षरें म्हातारीस वाचतां येत नव्हतीं; ओळीवर तिचें बोट ठेवून मीं एकेक अक्षर सांगितलें. तिनें तें पुन्हां सांगावयास लावलें. मग चहा आला, आणि ती म्हणाली, "गुरुजी, त्या मोठ्या गांवापासून तिथं जायला पैसे किती पडले?"

"जाऊन-येऊन माणशीं दोन हजारांच्या आंत," मीं सांगितलें.

"आणि गाडी रोज असते?"

"रोज असते. दिवसांतून कितीतरी वेळां."