झाड लावण्याआधी जमीन ओळखा

झाड लावणं हा सदका आहे. पण प्रत्येक मोकळी जमीन उजाड नसते.

साताऱ्याचं कास पठार पाहा. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र कमी. म्हणून तिथली दवबिंदू ही वनस्पती चिकट पानांवर कीटक पकडून पोषण मिळवते. तिथे माती-खत टाकून झाडं लावली, तर सावलीत ही इवली रोपं टिकणार नाहीत.

सांगलीच्या सागरेश्वरची गोष्ट वेगळी. तिथले डोंगर बोडके झाले होते. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडं लावली गेली, हरणं सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं.

मित्रांनो, या पावसाळ्यात खड्डे खणण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारा: इथे आधी काय उगवायचं?